आधी पेटीला अर्थिंग, मग भरतीचं मैदान

पत्र

आदरणीय सुभेदार साहेब, नमस्कार. मी खटाव तालुक्यातला शेतकरी. वय २६, शिक्षण बारावी. तीन एकर बागायत आणि दोन म्हशी आहेत. वडील लहानपणीच गेले. धाकटा भाऊ वीस वर्षांचा होता, मिलिटरी भरतीची तयारी करायचा. जानेवारीत आमच्या फीडरला रात्रीची लाइट होती. उसाला पाणी द्यायची पाळी माझी होती, पण मला कणकण होती. तो म्हणाला, दादा तू झोप, मी जातो. सकाळी विहिरीवर मोटरच्या पेटीजवळ पडलेला सापडला. शॉक लागून गेला.

मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी लढाई लागली आणि गावात सुट्टीवर आलेल्या जवानांना परत बोलावलं. स्टँडवर बायाबापड्यांनी त्यांना ओवाळलं. यात आपलाही असता, असं वाटून मी तिथून निघून आलो. तेव्हापासून मनाने घेतलंय की त्याच्या जागी आपण जायचं. अग्निवीरला माझं वय बसत नाही, पण टेरिटोरियल आर्मीत ४२ पर्यंत घेतात असं कळलं. एक जण तीन लाखांत काम करून देतो म्हणतो. त्यासाठी अर्धा एकर विकून काढायचा विचार आहे. एक मित्र म्हणाला, तुझं डोकं फिरलंय. आई काहीच बोलत नाही. शेतात मेलेल्याला कुणी विचारत नाही साहेब, तिकडे मेलो तर निदान शहीद म्हणतील. जाऊ का? नाव-गाव छापू नका.

उत्तर

तीन लाखवाल्याला आजच फोन करून नाही म्हणून सांग. बाकीचं सगळं त्यानंतर.

सैन्यात पैसे देऊन कुणी आत शिरत नाही. या लोकांचा धंदा कसा चालतो ते आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी दर भरतीला नवी पोरं सापडतात. तो दहा जणांकडून पैसे घेतो आणि घरी बसून राहतो. दोघे-तिघे स्वतःच्या पायावर पळून, स्वतःच्या मार्कांवर पास होतात. त्यांचे पैसे तो 'काम केलं' म्हणून ठेवतो आणि उरलेल्यांना वर्षभर हेलपाटे घालायला लावतो. दलालांपासून सावध राहा, असं भरतीच्या प्रत्येक जाहिरातीत सैन्य स्वतः छापतं. ती ओळ कुणी वाचत नाही, कारण सगळ्यांची नजर वयाच्या आणि उंचीच्या रकान्यावर असते.

वयाने तू माझ्या पोरासारखा, म्हणून अरे-तुरे करतो. राग मानू नकोस.

आता टेरिटोरियलचं. तुला कळलंय ते अर्धं बरोबर आहे. १८ ते ४२ ही वयाची अट खरी. दहावीला ४५ टक्के लागतात, ते तुला असतील. १६०० मीटर पळायचं, छाती ७७ सेंटिमीटर आणि फुगवून पाच सेंटिमीटर वाढली पाहिजे, मग लेखी, मेडिकल, पोलीस पडताळणी. आपल्याकडे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन टेरिटोरियल पलटणी आहेत, कोल्हापूरला १०९ आणि पुण्याला १०१. पण ही फौज मुळात कशासाठी उभी राहिली ते समजून घे. १९४९ च्या ९ ऑक्टोबरला राजगोपालाचारींच्या हस्ते तिची सुरुवात झाली, ती नागरिकांचं सैन्य म्हणून. ज्याचा स्वतःचा पोटापाण्याचा धंदा आहे, त्याने तो सांभाळून फौजेचं शिक्षण घ्यायचं आणि देशाने हाक मारली की वर्दी चढवायची, अशी ती रचना. तशी हाक २०२५ मध्ये आलीही. ६ मेच्या आदेशाने लष्करप्रमुखांना टेरिटोरियलच्या ३२ इन्फन्ट्री पलटणींपैकी १४ बोलावून घ्यायची मुभा मिळाली. तू टीव्हीवर पाहिलंस ते हेच असणार.

टीव्हीने सांगितलं नाही ते असं, की टेरिटोरियल ही कायमची नोकरी नाही. गरज असेल तोवर पलटण तुला ठेवते, गरज संपली की घरी पाठवते. तेवढ्या काळाचाच पगार. पेन्शनसाठी प्रत्यक्ष सेवेची पंधरा वर्षं भरावी लागतात, आणि मधले घरी काढलेले दिवस त्यात धरत नाहीत. घरी पाठवल्यावर खायचं काय? तर शेतीवर, जी तू अर्धा एकर विकून सुरुवातीलाच तोडणार आहेस. बैल विकून नांगर घेण्यातला हा प्रकार झाला. टेरिटोरियलमध्ये जायचं तर जमीन ठेवूनच जायचं असतं, तीच तर तिची रचना.

शिवाय आज नाव दिलं म्हणून कुणी उद्या सीमेवर नेऊन उभं करत नाही. भरतीपासून हातात रायफल येईपर्यंत महिने जातात. ज्या लढाईसाठी तुझं रक्त उसळलं ती ७ मेला सुरू झाली आणि १० मेला थांबली.

इथवर माहितीचं झालं. ती तुला कुणीही सुट्टीवर आलेला जवान देऊ शकला असता. मला बोलायचंय ते तुझ्या शेवटच्या वाक्यावर.

सरळ विचारतो, सरळ उत्तर दे. तुला फौजेत जायचंय की मरायचंय? रात्री झोप लागत नाही, विहिरीकडे पाय वळतात, आपण गेलो तर बरं असं येतं का मनात? येत असेल तर फौजेचा विषय बाजूला ठेव आणि १४४१६ ला फोन कर. टेलि-मानस म्हणतात त्याला. सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, रात्री दोनलाही उचलतात आणि मराठीत बोलतात. हे वेड्यांसाठी असतं असं समजू नकोस. सैन्याने आपल्या जवानांसाठी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात याच सेवेचं वेगळं केंद्र काढलंय. गोळीला न भिणाऱ्यांनाही याची गरज लागते, हे फौजेला कळून चुकलंय. आणि फोन करायला अवघड वाटलं, तर आज संध्याकाळी घरी न बसता ज्या मित्राने तुला 'डोकं फिरलंय' म्हटलं ना, त्याच्याकडे जाऊन बस. त्याला निदान बोलायचा धीर झाला.

आमच्या कंपनीत एक जवान होता. त्याची बायको बाळंतपणात गेली. सुट्टी संपवून परत आला तो कामाला वाघ होऊन. गस्त म्हटली की हा पुढे. नवे अधिकारी खूश, म्हणाले असा पोरगा पाहिजे. आमचा कंपनी हवालदार मेजर मात्र जुना माणूस, त्याला ते रुचेना. जवानाची काळी ट्रंक तू पाहिली असशील. सुट्टी तीन महिन्यांवर आली की तिच्यात एकेक वस्तू पडायला लागते. कॅन्टीनमधला कुकर, आईला शाल, पोरीला बूट. काही नाही तर साबणाच्या वड्या. याच्या ट्रंकेत काहीच पडत नव्हतं. कॅन्टीनचा कोटा दुसऱ्यांना देऊन टाकायचा. गस्तीला निघताना पाण्याची बाटली भरायचा नाही. या हवालदार मेजरने ते पाहिलं आणि त्याला गस्तीतून काढून लंगरवर, म्हणजे स्वयंपाकाला बसवला. पोरगा चिडला, सीओंपर्यंत, म्हणजे पलटणीच्या प्रमुखापर्यंत जातो म्हणाला. मेजर त्याला एवढंच म्हणाला, की गस्तीत मरायला निघालेला माणूस एकटा मरत नाही, मागच्या दोघांना घेऊन जातो. आणि त्या दोघांच्या ट्रंका भरलेल्या आहेत.

महिना-दीड महिना त्याने कांदे चिरले. मग एके दिवशी सासरी ठेवलेल्या मुलीसाठी स्वेटरचा साइज विचारायला माझ्याकडे आला. त्यानंतर पुन्हा गस्तीवर गेला. पुढे नाईक होऊन पेन्शनवर आला. आजही फारसा बोलत नाही, पण आहे.

दुःखाने शूर होता येत नाही असं मात्र माझं म्हणणं नाही. संगमनेरजवळच्या निमज गावचे नामदेव जाधव यांचं नाव तू ऐकलं असशील. दुसऱ्या महायुद्धातल्या पहिली-पाचवी मराठा पलटणीचे साधे शिपाई, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनियो नदी ओलांडताना पलीकडच्या बांधावरून तीन मशीनगनांनी त्यांच्या तुकडीला गाठलं. कंपनी कमांडर आणि दोघे जखमी झाले, बाकीचे सगळे जागीच गेले. धडधाकट उरले ते एकटे जाधव. डोळ्यांसमोर सोबती मेलेत, हातात टॉमीगन आहे. अशा वेळी माणूस काय करेल? मशीनगनवर धावून जाईल. जाधव गेले, पण आधी नाही. आधी त्यांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. परत जाऊन दुसऱ्याला आणलं. वरून तोफगोळे आणि गोळ्या चालूच होत्या. तिसऱ्या खेपेला मात्र मेलेल्यांचा बदला घ्यायला निघाले. पहिली मशीनगन बंद केली, हाताला गोळी लागली, टॉमीगन चालवता येईना, म्हणून ती टाकून हातगोळ्यांनी उरलेल्या दोन उडवल्या. मग बांधावर उघड्यावर उभे राहून मराठ्यांची आरोळी देत मागच्या कंपन्यांना नदी पार करायला खुणावत राहिले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि मुख्य म्हणजे परत आले. १९८४ साली पुण्यात वारले.

माझ्या मते त्या दिवशीच्या सगळ्या शौर्यात पहिल्या दोन खेपा सर्वांत भारी. जिवंत आहेत ते आधी, मेलेल्यांचा हिशेब नंतर.

म्हणून आता तुला विचारतो. ज्या पेटीजवळ तुझा भाऊ पडला, तिला अर्थिंग केलंस का?

पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि असे अपघात झालेल्या बऱ्याच विहिरींवर मी पाहिलंय की माणूस जातो, दहावं-तेरावं होतं आणि त्याच पत्र्याच्या पेटीवर, त्याच कापडाच्या चिंधीने बांधलेल्या वायरवर मोटर पुन्हा सुरू होते. कारण ऊस वाळत असतो. आज ती पेटी कोण चालू करतं? तू करत असशील, कधी आई करत असेल. यंदा मे संपायच्या आतच पावसाने आपल्याला गाठलं, सगळं रान ओलं आहे. ओल्या पायांनी पत्र्याच्या पेटीला हात लावायला तुझी आई एकटी गेली तर? सीमेवर जायच्या गोष्टी करणाऱ्याने आधी हा मोर्चा लावायला हवा. चांगला वायरमन गाठ. पेटीला आणि मोटरला स्वतंत्र अर्थिंग करून घे, खड्ड्यात मीठ-कोळसा घालून नीट पाइप पुरलेलं, नुसती सळई ठोकलेलं नाही. गळती झाली की लाइट तोडणारं ईएलसीबी बसव. पेटी लाकडी फळीवर घे, खाली रबरी मॅट टाक. या सगळ्याचा खर्च तुझ्या त्या तीन लाखांच्या पासंगालाही पुरणार नाही. शिवाय 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अर्ज टाक. किमतीच्या दहा टक्के हिस्सा आपला, अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्के, आणि अडीच ते पाच एकरवाल्याला पाच एचपीचा पंप मिळतो. दिवसा पाणी मिळालं की रात्रीची पाळी हा प्रकारच घरातून जाईल.

त्या रात्री पाळी तुझी होती हे खरं. कणकण होती हेही खरं. भाऊ आजारी असताना भाऊ पाण्याला जातो, हे घराघरांत होतं. त्याला मारलं ते तुझ्या तापाने नव्हे. रात्री येणाऱ्या लाइटने आणि अंगात करंट उतरलेल्या पत्र्याने मारलं. उलट झालं असतं, तो आजारी आणि तू गेला असतास, तर आज तो हेच पत्र मला लिहीत असता. त्याला तू काय सांगितलं असतंस? माझ्या जागी जाऊन मर, असं?

आपल्या भागातून दुःख पाठीवर घेऊन भरतीला जाणं नवं नाही. खटाव-माणच्या माळरानावर दुष्काळ आणि प्लेग पाहिलेल्या पिढीतली पोरं पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, शेवटी उपासमारीने शरणागती. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत त्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे, एकदा जाऊन बघ. त्याच काळात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉरवाले वाचायचे, त्यातले उतारे अजून जपलेले आहेत. त्यात शिपाई घरी काय विचारतो? पाऊस झाला का, पीक कसं आहे, म्हैस व्याली का. खंदकात बसलेल्या माणसाचं मन वावरात. जगायला लागणारा आधार त्याला तिथूनच मिळायचा. तू मात्र आधी वावर विकून मग खंदकात जायचं म्हणतोस.

आई काही बोलत नाही असं एका ओळीत लिहून तू पुढे गेलास. नवरा गेला, धाकटा गेला, आणि थोरला सांगतोय की मी मरायला निघालो. तिने काय बोलावं? तिला परवानगी मागू नकोस, ती 'जा बाबा' म्हणेल आणि आत जाऊन पडून राहील. तिला वेगळं विचार. मी सहा महिने पलटणीत असलो तर म्हशी कोण बघेल, पाणी कोण देईल, तू रात्री कुणाच्या सोबतीने झोपशील? ही उत्तरं तुम्ही दोघांनी मिळून काढा. फौजेत निघण्याआधी मागची व्यवस्था लावतात. ती न लावता निघणारा पळून चाललेला असतो.

कागदांचंही बघ, कारण अशा दुःखात ते राहतात. भावाचं नाव सातबाऱ्यावर असेल तर वारस नोंद झाली का? तो अविवाहित होता, तर हिंदू वारसा कायद्याने त्याचा हिस्सा आईला जातो, तुला नाही. जो अर्धा एकर तू काढायला निघालास, तो कुणाचा हे आधी तलाठ्याकडे जाऊन बघून घे (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं त्यांना). दुसरं, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत विजेच्या धक्क्याने मृत्यू बसतो, खातेदार नसलेला घरातला एक जणही बसतो. दोन लाख मिळतात. अर्ज तीस दिवसांत करायचा असतो. केला नसशील तर मुदत उलटलीय, तरी पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला आणि सातबारा घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जा आणि लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर माग. विद्युत निरीक्षकाने अपघाताची चौकशी केली असेल तर त्या अहवालाचीही प्रत काढ. भावाचे पैसे कसे घ्यायचे, असं मनात आणू नकोस. अर्थिंग त्यातूनच कर.

आता तुझा प्रश्न, जाऊ का. वर्षश्राद्ध होईपर्यंत नको. घरात माणूस गेलं की वर्षभर आपण लग्नकार्य काढत नाही, मोठा निर्णय लांबवतो. त्या रिवाजात शहाणपण आहे. जानेवारीपर्यंत खरीप निघेल, कागद लागतील, पेटी नीट होईल. तोवर पळायला सुरुवात कर. भावासाठी नाही, तुझ्या छातीसाठी. २६ व्या वर्षी ट्रॅक्टरवर बसून बसून दम गेलेला असतो, १६०० मीटर वाटतं तितकं सोपं नाही. आणि भाऊ ज्या पोरांबरोबर पळायचा त्यांच्यातच पळ. त्यांनाही त्याची आठवण येत असणार, पण तुझ्यासमोर काढायची भीती वाटत असेल.

वर्ष झाल्यावरही वाटलं की जावं, तर टेरिटोरियलची जाहिरात आली की फॉर्म भर, जमीन शाबूत ठेवून, कुणाला एक रुपया न देता. मुलाखतीत विचारतील, कशाला येतोस? तेव्हा 'भावाच्या जागी' असं उत्तर तोंडात आलं, तर समज अजून वेळ आहे. 'मला यायचंय, आणि सुट्टीवर आलो की पेरणी असते' हे उत्तर चालेल. नाही जावंसं वाटलं, तरी कुणाला हिशेब द्यायचा नाही.

पंधरा ऑगस्टच्या आत मला दोन गोष्टी कळव. आईने काय उत्तर दिलं ते, आणि तालुक्याला अर्ज दिलास त्याची तारीख. ते छापणार नाही. टेलि-मानसला फोन केलास की नाही, ते नाही कळवलंस तरी चालेल, पण करायचा असेल तर आजच कर.